निद्रिस्त संगणक आणि घरगुती नेटवर्कमधील खंड : कारणमीमांसा व निदानपद्धती

बीजसंज्ञा : घरगुती नेटवर्क, निद्रावस्था, प्रवाहनियंत्रण, पॉज फ्रेम, मल्टिकास्ट, अन्वय-व्यतिरेक.

प्रस्तावना :

मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि महाविद्यालयीन अध्यापन एका रात्रीत घरात आले. वर्ग, परीक्षा, उत्तरपत्रिकांचे पडद्यावरील मूल्यमापन, चर्चासत्रे, मौखिकी हे सारे घरातील एका लहानशा राउटरवर विसंबून राहिले. टाळेबंदी उठली, तरी यातील बरेचसे काम घरातच राहिले. त्यामुळे घरातील नेटवर्क बंद पडणे ही आता केवळ करमणुकीतील अडचण राहिलेली नाही. परीक्षेच्या मध्यावर संपर्क तुटलेला विद्यार्थी किंवा मौखिकीच्या वेळी पडद्यावरून नाहीसा झालेला परीक्षक यांना त्याची किंमत मोजावी लागते.

असा खंड पडला की दोष सामान्यतः तिघांपैकी एकावर ठेवला जातो : सेवा पुरवणारी कंपनी, राउटर किंवा वीजपुरवठा. बहुतेक वेळा तो तेथेच असतोही. तथापि एक चौथे कारण असे आहे की जे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घरातील एखादा संगणक निद्रावस्थेत गेला की काही मिनिटांनी संपूर्ण घराचे नेटवर्क ठप्प होते आणि तो जागा झाला की पूर्ववत सुरू होते. झोपलेले यंत्र काहीच करीत नाही, तेव्हा ते इतरांना अडथळा कसे करील, ही स्वाभाविक समजूतच या दोषाला पाठीशी घालते. प्रस्तुत लेखात या दोषाच्या तीन प्रमुख प्रकारांची कारणमीमांसा आणि त्याच्या निदानाची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

निद्रावस्थेचे स्वरूप :

संगणकाची वीजबचत हा विषय १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सुरू केलेल्या 'एनर्जी स्टार' योजनेपासून व्यापक प्रमाणावर चर्चेत आला. संगणक आणि मॉनिटर हीच या योजनेची पहिली उत्पादने होती. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' हे विनिर्देश प्रसिद्ध केले व त्यात निद्रेच्या पायऱ्या ठरवून दिल्या. त्यांपैकी 'एस-३' ही सर्वपरिचित निद्रावस्था होय. या अवस्थेत प्रोसेसर थांबतो, पंखे थांबतात, पडदा काळा होतो. केवळ स्मृतीला वीज मिळत राहते. 'एस-४' मध्ये स्मृतीतील मजकूर डिस्कवर लिहून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद केले जाते.

मात्र एस-३ अवस्थेतही संगणकाचा एक भाग जागा असू शकतो, तो म्हणजे लॅन कार्ड. १९९५ च्या सुमारास एएमडी आणि एचपी यांनी 'मॅजिक पॅकेट' ही कल्पना मांडली. सहा बाइट एकसारखे व त्यामागोमाग संबंधित कार्डाचा हार्डवेअर पत्ता सोळा वेळा, अशी १०२ बाइटांची ही हाक ऐकली की कार्डाने झोपलेल्या संगणकाला उठवावे, अशी ती योजना आहे. हाक ऐकायची तर कान उघडे हवेत. म्हणून वीजपुरवठा करणारा डबा मुख्य पुरवठा तोडल्यावरही पाच व्होल्टची एक राखीव वाहिनी चालू ठेवतो व त्यावर लॅन कार्ड जिवंत राहते. संगणक झोपलेला असतानाही केबलीच्या खाचेजवळचा दिवा लुकलुकताना दिसतो, त्याचे कारण हेच.

म्हणजेच नेटवर्कच्या दृष्टीने निद्रिस्त संगणक हा गैरहजर संगणक नसतो. त्याची तार जोडलेली असते, स्विच त्याला जिवंत समजतो आणि त्याच्याकडे पॅकेट पाठवीत राहतो. ती स्वीकारून त्यांचे काय करायचे हे ठरवणारी कार्यप्रणाली तेवढी झोपलेली असते. दार उघडे आणि घरात कोणी जागे नाही, अशी ही स्थिती होय. पुढील तीनही प्रकारांपैकी दोन या विसंगतीतून उद्भवतात.

पहिला प्रकार : मार्गातील संगणक :

हा प्रकार सर्वांत सोपा आणि सर्वांत जुना. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाची इंटरनेट जोडणी इतरांना वाटून देण्याची सोय प्रथम आली. भारतात २००५ नंतर दूरध्वनीच्या तारेवरून ब्रॉडबँड घरोघरी पोहोचू लागले, तेव्हा अनेक घरांत मोडेम यूएसबीने एकाच संगणकाला जोडलेला असे आणि दुसरा संगणक त्या पहिल्यामार्फत इंटरनेट वापरी. पहिला झोपला की दुसऱ्याचे इंटरनेट बंद होणे अपरिहार्य होते. कारण तोच राउटर होता. आज मोडेम व राउटर एकाच पेटीत आल्यामुळे ही रचना विरळ झाली आहे, परंतु ती वेगळ्या रूपांत टिकून आहे. लॅपटॉपवरून 'मोबाइल हॉटस्पॉट' सुरू करून मुलांना जोडणी देणे, घरातील एखाद्या संगणकावर जाहिराती गाळणारा डीएनएस सर्व्हर चालवणे, किंवा प्रिंटर एका संगणकाला जोडून तो सर्वांना उपलब्ध करून देणे ही त्याची उदाहरणे. डीएनएसच्या उदाहरणात लक्षण थोडे फसवे असते. नेटवर्क पूर्ण चालू असते, पण संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारा झोपलेला असल्याने काहीही उघडत नाही. या प्रकाराबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. कोणता संगणक कोणते काम करतो याची यादी कागदावर मांडली की तो उघड होतो.

दुसरा प्रकार : 'थांबा' म्हणत राहणारा संगणक :

खरा चकवा येथे आहे आणि म्हणून त्याचे विवेचन सविस्तर करणे आवश्यक आहे.

इथरनेटच्या १९९७ मधील 'आयईईई ८०२.३ एक्स' या मानकाने प्रवाहनियंत्रणाची तरतूद केली. पाठवणारा वेगवान आणि घेणारा मंद असेल, तर घेणाऱ्याच्या तात्पुरत्या साठवणीची जागा भरून जाते व पुढची पॅकेटे वाया जातात. ते टाळण्यासाठी घेणाऱ्याने 'पॉज फ्रेम' नावाचा छोटा संदेश पाठवावा आणि समोरच्याने तेवढा वेळ थांबावे, अशी ही व्यवस्था आहे. किती थांबावे हे संदेशातच लिहिलेले असते. त्याचे एकक ५१२ बिट पाठवण्यास लागणारा काळ हे असून कमाल मूल्य ६५,५३५ आहे. सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या तारेवर हा कमाल काळ सुमारे ३३.५ मिलिसेकंद भरतो, १०० मेगाबिटवर सुमारे ३३५ मिलिसेकंद आणि १० मेगाबिटवर ३.३५ सेकंदांहून किंचित अधिक. याचा अर्थ असा की गिगाबिट तारेवरील एखाद्या यंत्राने सेकंदाला केवळ तीसेक पॉज फ्रेम पाठवल्या, तर समोरच्या बाजूला एकही पॅकेट पाठवता येणार नाही. वीज वाचवण्यासाठी अनेक कार्डे निद्रेत जाताना आपला वेग १० मेगाबिटवर आणतात. तेथे तर तीन सेकंदांतून एक फ्रेम पुरेशी ठरते.

आता झोपलेल्या संगणकाचा विचार करू. घरातील नेटवर्कवर सर्वांना उद्देशून जाणारी पॅकेटे सतत फिरत असतात. 'हा पत्ता कोणाचा आहे', 'येथे प्रिंटर आहे काय', 'दूरदर्शन संच उपलब्ध आहे' अशा स्वरूपाची ही किरकोळ विचारपूस असते. स्विच ती प्रत्येक पोर्टवर पाठवतो, झोपलेल्या संगणकाच्या पोर्टवरही. लॅन कार्डाने निद्रेत जाताना दोन गोष्टी करणे अपेक्षित असते : उठवण्याच्या हाकेखेरीज सर्व पॅकेटे टाकून देणे आणि पॉज फ्रेम पाठवणे थांबवणे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडून यात चूक राहिली, तर येणारी पॅकेटे कार्डाच्या साठवणीत जमत जातात. त्यांना बाहेर काढणारी कार्यप्रणाली झोपलेली असते. साठवण भरते. मग कार्डातील मंडल, कोणत्याही सॉफ्टवेअरला न विचारता, 'थांबा' असा संदेश पाठवू लागते आणि साठवण कधीच रिकामी होणार नसल्याने तो संदेश पाठवीतच राहते.

एका पोर्टवरचा प्रवाह थांबला, तर इतर पोर्टना त्रास का व्हावा, हा पुढील प्रश्न. स्वस्त घरगुती स्विचमध्ये सर्व पोर्टना मिळून एकच साठवण असते व ती बहुधा शे-दोनशे किलोबाइटांच्या घरातील असते. थांबवलेल्या पोर्टकडे जाणारी पॅकेटे तीत अडकून पडतात. उदाहरणादाखल, साठवण १२८ किलोबाइटांची आहे, सेकंदाला अशी पाच पॅकेटे येतात आणि प्रत्येक पॅकेट २५६ बाइटांचा एक कप्पा अडवते असे धरले, तर साधारण १०२ सेकंदांत साठवण भरेल. त्यानंतर काय होईल, हे स्विचच्या रचनेवर ठरते. अडलेल्या पोर्टची पॅकेटे फेकून देणारा स्विच असेल, तर इतरांना काहीच जाणवणार नाही. परंतु स्विचलाही प्रवाहनियंत्रण असेल आणि एका पोर्टने किती जागा अडवावी यावर बंधन नसेल, तर स्वतःची साठवण भरल्याबरोबर तो इतर सर्व पोर्टना 'थांबा' सांगू लागतो. राउटर थांबतो, दुसऱ्या खोलीतील संगणक थांबतो. ज्या मानकाचा हेतू एकही पॅकेट वाया जाऊ नये असा होता, त्याच्यामुळे एकही पॅकेट पुढे जाईनासे होते.

यातून या दोषाचे एक महत्त्वाचे लक्षण हाती येते. संगणक झोपतो आणि नेटवर्क बंद पडते, या दोन घटनांत काही मिनिटांचे अंतर असते. आधी कार्डाची, मग स्विचची साठवण भरावी लागते. हे अंतर नेमके ठरलेले नसते; घरात किती यंत्रे आहेत व ती किती बोलतात यावर ते कमीअधिक होते. कार्यकारणसंबंध नजरेआड राहण्यास हे अंतर पुरेसे असते.

अलीकडच्या काळात याच प्रकाराचे एक रूप अधिक आढळते. लॅपटॉपला यूएसबी-सी डॉक जोडलेला असतो व लॅनची तार डॉकला लावलेली असते. डॉकला वीज स्वतंत्रपणे मिळते. लॅपटॉप झोपला किंवा डॉकपासून काढून नेला, तरी डॉकमधील लॅनची चिप जिवंत राहते आणि तिच्यामागे पॅकेट घेणारे कोणीच उरत नाही. अशा वेळी काही डॉक पॉज फ्रेमचा मारा करतात. येथे तर संगणक घराबाहेर गेलेला असतो आणि मेजावर उरलेली एक लहानशी पेटी घराचे नेटवर्क अडवून बसते.

तिसरा प्रकार : झोपेत बडबडणारा संगणक :

दुसऱ्या प्रकारात संगणक इतरांना थांबवतो. तिसऱ्यात तो स्वतःच इतका बोलतो की इतरांना बोलायला जागा उरत नाही. कुंभकर्णाच्या घोरण्याची आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे.

याचे गाजलेले उदाहरण २०१४ च्या सुमाराचे आहे. इंटेलची 'आय २१७-एलएम' ही लॅन चिप असलेले कार्यालयीन संगणक तेव्हा अनेक उत्पादकांनी विकले होते. ते निद्रावस्थेत गेल्यावर आयपीव्ही ६ मधील 'मल्टिकास्ट लिसनर डिस्कव्हरी' या प्रकारच्या पॅकेटांचा पूर नेटवर्कवर सोडतात, असे अनेक ठिकाणच्या नेटवर्क व्यवस्थापकांना आढळले. विशिष्ट गटाला उद्देशून येणारी पॅकेटे आपल्याला हवी आहेत, असे यंत्राने कळवावे यासाठी ही पॅकेटे असतात. राउटर साधारणतः १२५ सेकंदांतून एकदा विचारणा करतो व यंत्रे उत्तर देतात. येथे झोपलेली यंत्रे अखंड उत्तरे देत सुटली होती. ड्रायव्हरची सुधारित आवृत्ती बसवल्यावर हा दोष दूर झाला.

ही पॅकेटे मल्टिकास्ट असल्यामुळे साधा स्विच ती सर्व पोर्टवर पाठवतो. गिगाबिटची तार मोठा मारा सहन करते. लहानात लहान आकाराच्या सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम ती सेकंदाला वाहून नेऊ शकते. वाय-फायची गोष्ट वेगळी आहे. मल्टिकास्ट पॅकेट दूरच्या, जुन्या यंत्रालाही ऐकू जावे म्हणून ते सर्वांत कमी मूलभूत वेगाने प्रक्षेपित केले जाते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो वेग बहुधा सेकंदाला १ मेगाबिट असतो. या गतीने सुमारे शंभर बाइटांचे एक पॅकेट पाठवायला मिलिसेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे सेकंदाला हजाराच्या आतच अशी पॅकेटे आली, तरी वायुमार्ग पूर्ण व्यापला जातो. म्हणून या प्रकारात तारेने जोडलेला संगणक कसाबसा चालत असताना घरातील सर्व मोबाइल मात्र निकामी झाल्यासारखे वाटतात. 'वाय-फाय खराब झाले' हा निष्कर्ष येथे अगदी स्वाभाविक आणि तितकाच चुकीचा ठरतो. सेवा पुरवणारी कंपनी आयपीव्ही ६ देत नसली, तरी याने फरक पडत नाही. विंडोज व्हिस्टापासून ती व्यवस्था संगणकात मुळातच चालू असते.

प्रत्येक प्रश्नाला संगणक न उठवताही उत्तर देता यावे, यासाठी झोपलेल्या यंत्राच्या वतीने बोलणाऱ्या प्रतिनिधीची कल्पना संशोधकांनी मांडली होती. २०१० मधील 'एक्मा-३९३' हे मानक त्याविषयीच आहे, आणि २००९ मध्ये ॲपलने आपल्या संगणकांसाठी अशीच सोय आणली होती. कल्पना उत्तम आहे. परंतु झोपेतही बोलण्याची मुभा दिली की कधी थांबायचे हे काटेकोरपणे सांगावे लागते, ही गोष्ट वरील उदाहरणावरून स्पष्ट होते.

निदानातील तार्किक अडचणी :

एखाद्या प्राध्यापक दांपत्याचे घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. अभ्यासिकेत राउटरशेजारी तारेने जोडलेला डेस्कटॉप आहे. पती त्यावर काम करतात, पत्नी आतल्या खोलीत लॅपटॉपवर वर्ग घेतात, मुलगी मोबाइलवरून परीक्षा देते. पती जेवायला उठतात. ठरावीक वेळाने डेस्कटॉप झोपतो, आणखी काही मिनिटांनी आतून हाक येते, "अहो, नेट पुन्हा गेलंय!" पती अभ्यासिकेत येतात, माउस हलवतात, पडदा उजळतो आणि पाहतात तर सर्व सुरळीत. "माझ्याकडे तर चालू आहे," असे ते प्रामाणिकपणे सांगतात.

येथे तपासणीची कृतीच दोष नाहीसा करते. माउस हलताच संगणक जागा होतो, कार्डाची साठवण रिकामी होते, 'थांबा' संदेश बंद होतो आणि क्षणार्धात सारे पूर्ववत चालू लागते. म्हणून दोष असलेल्या यंत्रावर बसणाऱ्या व्यक्तीला तो दोष कधीही दिसत नाही. सेवा कंपनीचा तंत्रज्ञ घरी येतो तेव्हाही संगणक चालूच असतो व त्याला काही सापडत नाही. पुढे तक्रार करणाऱ्याच्या बोलण्यावरील विश्वास उडतो, ही यातील सर्वांत दुर्दैवी बाब आहे. घरात ही व्यक्ती बहुधा पत्नी किंवा मूल असते. संपर्क तुटल्याचे विद्यार्थ्याने सांगावे आणि शिक्षकाने ती सबब समजावी, असेही घडते.

दुसरी फसगत राउटरमुळे होते. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की नेटवर्क सुरू होते. कारण तसे करताना त्याच्यातील स्विचची साठवण पुसली जाते. काही मिनिटांत ती पुन्हा भरते. 'राउटर बंद-चालू केल्याने बरे वाटते, त्यावरून राउटरच आजारी' असे अनुमान काढून नवा राउटर आणला जातो. नव्याच्या स्विचमध्ये प्रवाहनियंत्रण बंद असेल, तर दोष खरोखरच नाहीसा होतो आणि चुकीचे अनुमान कायमचे पक्के होते!

न्यायशास्त्रात धूर आणि अग्नी यांच्या उदाहरणातून 'उपाधी' ही संकल्पना स्पष्ट केली जाते. अग्नी आहे तेथे धूर असेलच असे म्हणता येत नाही. इंधन ओले असले पाहिजे, ही त्यातील उपाधी. येथेही 'दुपारी नेट जाते', 'पाऊस आला की जाते', 'वीज जाऊन आली की जाते' अशा व्याप्ती घरोघरी मांडल्या जातात. दुपारी जाते, कारण जेवणाच्या वेळी संगणकावर कोणी नसते. वीज गेल्यावर जाते, कारण इन्व्हर्टर वाचवण्यासाठी कोणीतरी संगणक झोपवलेला असतो. काळ, पाऊस, वीज या उपाधी दूर केल्याशिवाय खरा हेतू हाती लागत नाही. त्यासाठी आपल्या परंपरेत अन्वय-व्यतिरेक आहे आणि जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरील आपल्या ग्रंथात मांडलेल्या रीतीही त्याच दिशेने जातात. कारण असताना कार्य घडते एवढे दाखवून भागत नाही. इतर सर्व तसेच ठेवून केवळ ते कारण काढले असता कार्य थांबते, हेही दाखवावे लागते. एरवी तो काकतालीय न्याय ठरतो.

निदानाची प्रत्यक्ष पद्धत :

प्रथम नोंद ठेवावी. खंड सुरू झाल्याची व संपल्याची वेळ कागदावर आठवडाभर लिहावी. विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' मध्ये संगणक केव्हा झोपला आणि केव्हा उठला यांच्या नोंदी आपोआप होत असतात. 'सिस्टिम' या भागात 'कर्नल-पॉवर' ची ४२ क्रमांकाची नोंद झोपेची आणि 'पॉवर-ट्रबलशूटर' ची १ क्रमांकाची नोंद जागे होण्याची असते. दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवली की संशय बळावतो किंवा मावळतो. खंड संपण्याची वेळ आणि संगणक उठण्याची वेळ पुनःपुन्हा जुळत असेल, तर ते अधिक बोलके. कारण झोपेनंतरचे अंतर बदलते, उठण्यानंतरचे जवळजवळ शून्य असते.

खंड चालू असताना तिसऱ्या एखाद्या यंत्रावरून राउटरच्या पत्त्याला 'पिंग' करावे. राउटर व्यवस्थित उत्तर देत असेल, तर घरातील नेटवर्क सुस्थितीत असून दोष बाहेरच्या जोडणीत किंवा डीएनएसमध्ये आहे. मग झोपलेल्या संगणकावर आळ घेण्यापूर्वी पहिल्या प्रकारचा विचार करावा. राउटरच उत्तर देत नसेल, तर दोष घरात आहे. अशा वेळी स्विचवरील दिव्यांकडे पाहावे. सर्व दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकत असतील तर तिसरा प्रकार, आणि सारे जवळजवळ स्तब्ध असतील तर दुसरा प्रकार संभवतो. ही खूण बहुधा उपयोगी पडते, पण तिला पुरावा मानू नये.

पुरावा पुढील कृतीतून मिळतो. संशयित संगणकाला स्पर्श न करता त्याची तार राउटरच्या बाजूने काढावी. संगणकाच्या बाजूने काढू नये. मेजाला धक्का लागून माउस हलला तरी संगणक उठतो आणि प्रयोग वाया जातो. तार काढल्यावर काही सेकंदांत नेटवर्क सुरू झाले, तर व्यतिरेक सिद्ध झाला. संगणक झोपलेलाच ठेवून तार पुन्हा लावावी व वाट पाहावी. खंड परत आला, तर अन्वयही सिद्ध झाला. हे दोन-तीनदा करावे. डॉक असलेल्या घरी लॅपटॉप काढून ठेवून डॉकवर हाच प्रयोग करावा.

वायरशार्कसारख्या साधनाने पॅकेटे पाहण्याचा मोह जाणकारांना होतो. तिसऱ्या प्रकारात ते लगेच उत्तर देते. पूर सर्वत्र पोहोचत असल्याने कोणत्याही संगणकावरून तो दिसतो आणि प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा हार्डवेअर पत्ता असतो. दुसऱ्या प्रकारात मात्र त्याचा उपयोग नाही. पॉज फ्रेम ज्या राखीव पत्त्यावर जाते, तो पत्ता स्विच पुढे पाठवीत नाही, आणि ती स्वतःच्या तारेवर आली तरी लॅन कार्ड तिची दखल घेऊन ती तेथेच संपवते. साधनात काही दिसले नाही, यावरून काही घडत नाही असे समजू नये. व्यवस्थापन करता येणारा स्विच उपलब्ध असल्यास मात्र त्यातील पॉज फ्रेमची गणती पाहावी. महाविद्यालयातील संगणकशास्त्र विभागाकडून असा स्विच दोन दिवसांसाठी मिळू शकतो.

उपाययोजना :

संगणकाला झोपूच न देणे हा सर्वांत सोपा उपाय अनेकांना सुचतो. निदानापुरता तो योग्य आहे. कायमचा म्हणून तो महाग पडतो. जागा पण निष्क्रिय डेस्कटॉप आणि झोपलेला डेस्कटॉप यांच्या वीजवापरात ५० वॅटचा फरक धरला आणि तो दिवसाचे १६ तास असा राहिला, तर रोज ०.८ युनिट, म्हणजे वर्षाला २९० युनिटांहून अधिक वीज केवळ दोष झाकण्यासाठी खर्च होते.

त्याऐवजी प्रथम लॅन कार्डाचा ड्रायव्हर उत्पादकाकडून घेऊन अद्ययावत करावा. डॉक असल्यास त्याचे फर्मवेअरही. त्याने काम न झाल्यास 'डिव्हाइस मॅनेजर' मधून कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत जाऊन 'फ्लो कंट्रोल' बंद करावे. घरगुती वापरात याचा तोटा सहसा जाणवत नाही. वाया गेलेली पॅकेटे टीसीपी स्वतःच पुन्हा पाठवते. दूरवरून संगणक उठवण्याची गरज नसेल, तर 'वेक ऑन लॅन' बंद करावे. एकदा कार्डच निद्रेत बंद राहिले की दुसरा व तिसरा दोन्ही प्रकार मुळातच उरत नाहीत. मात्र काही यंत्रांत ही सोय बायॉसमध्येही बंद करावी लागते. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस नोंद पाहून मगच पुढचा करावा, नाहीतर कोणत्या औषधाने गुण आला हे कळत नाही. डॉकच्या बाबतीत लॅपटॉप नेताना डॉकची तारही काढण्याची सवय लावणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे.

आयपीव्ही ६ संपूर्ण बंद करण्याचा सल्ला तिसऱ्या प्रकारात अनेकदा दिला जातो. त्याने पूर थांबू शकतो, परंतु भारतात मोबाइल व ब्रॉडबँडवर आयपीव्ही ६ चा प्रसार मोठा असल्याने ड्रायव्हर सुधारणे हाच येथे योग्य मार्ग होय. कार्यप्रणालीच्या मोठ्या अद्ययावतीकरणात नवा ड्रायव्हर बसून कार्डाचे गुणधर्म मूळ स्थितीत जाण्याची शक्यता असते. म्हणून 'फ्लो कंट्रोल' व 'वेक ऑन लॅन' यांच्या बदललेल्या किमती संगणकाच्या बाजूला चिठ्ठीवर लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक मोठ्या अद्ययावतीकरणानंतर, विशेषतः परीक्षेच्या हंगामापूर्वी, त्या एकदा पडताळून पाहाव्यात.